भुलाबाईच्या महिन्यातली तपासणी

सप्तपर्णीचा वास सुटला की लोकांना दिवाळी आठवते. मला दचकायला होतं. आमच्या जबलपुरात हा वास संध्याकाळी एकदम येतो. सिव्हिल लाइन्समधून स्कूटर काढावी, एका वळणापर्यंत काहीच नसतं, आणि पुढच्या वळणावर तो थेट डोक्यात चढतो. पाऊस मागे सरलेला असतो, बागांमधला चिखल वाळायला लागलेला असतो आणि सगळ्या शहराला एकाच आठवड्यात आठवतं, की या दिवाळीत आपल्याला बाहेर बसायचंय. मग माझा फोन जो वाजायला लागतो तो लक्ष्मीपूजनापर्यंत थांबत नाही.

लोकांना बाहेर बसवायचं, हा आमचा धंदा आहे. बंगल्याच्या बागेत, गच्चीवर, मागच्या अंगणात आम्ही लाकडी फळ्यांचा चौथरा बांधून देतो. त्याला डेक म्हणतात. सोबत पायऱ्या, वेलीसाठी मांडव, हौस असली तर झोपाळा. आमचं मूळ दुकान शहरातल्याच घमापूरचं, दारं आणि चौकटींचं. एक दिवस सिव्हिल लाइन्समधले एक गृहस्थ दुकानात आले आणि मोबाइलवरचा फोटो पुढे करून म्हणाले, “भैया, ऐसा बना दोगे?” माझे यजमान अविनाश तो फोटो बराच वेळ बघत राहिले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “काही नाही व, यांना ओटा पाहिजे. लाकडाचा.”

माझा पहिला धक्का तो. ओट्यासाठी कोणी दुकानात येतं? ओटा घराला असतोच, नाकाला शेंडा असावा तसा. पण त्या गृहस्थांना तो पाहिजे होता, त्यांच्या साडूला पाहिजे होता, साडूच्या शेजाऱ्याला पाहिजे होता. बघता बघता चौकटी मागे पडल्या. जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या गच्च्या झाल्या, बरगीच्या रस्त्यावरची दोन विश्रामगृहं झाली, आमचं छोटंसं नाव गावात झालं. मी मुळातच दचकणारी बाई. माहेरी मला मांजर घाबरवायची. त्या वर्षांत मी रोज सकाळी उठून दचकायची, की अजून चाललंय कसं हे सगळं?

काम चोख होतं, हे खरं. फळ्या एकमेकींना खेटून लावायच्या नसतात. पावसात लाकूड फुगतं, त्याला जागा लागते, म्हणून दोन फळ्यांमध्ये फट ठेवायची. गंजणारा स्क्रू वापरायचा नाही. दरवर्षी तेलाचा हात द्यायचा. हे आम्ही करायचो आणि एक गिऱ्हाईक पाच नवी गिऱ्हाइकं पाठवायचं. मी समजायची, फटींची आणि तेलाची कमाल आहे. तेल द्यायला गेलं की डेकच्या एका कोपऱ्यात खडूनं केलेली बरोबरची खूण दिसायची. शाळेतल्या मास्तरांची असते तशी. हल्के नावाचे आमचे मिस्त्री काम संपल्यावर करत असतील असं मी धरून चालले होते. त्यांना कधी विचारलं नाही. कामाच्या धबडग्यात खडूची खूण कोण विचारतो?

आता ओट्याचं सांगते. आमच्या घमापूरच्या घराला चांगला ऐसपैस दगडी ओटा होता. माझे सासरे कारखान्यात चेकर होते. पेट्या तपासायच्या आणि खडूनं पास-नापास करायच्या, हे त्यांचं काम. हा ओटा त्यांनी हौसेनं बांधला होता, आणि दुपारी त्याच्यावर राज्य सासूबाईंचं, म्हणजे आमच्या आईंचं. गल्लीतल्या आमच्या वऱ्हाडाकडच्या बायका, शेजारची मिश्राइन, समोरची शिंपीण, सगळ्या तिथे. मेथी निवडायची, लसूण सोलायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून चौकशी करायची. भाद्रपदाच्या पुनवेला आई मातीची भुलाबाई आणि भुलोजी, म्हणजे पार्वती-शंकर, बनवायच्या आणि कोजागिरीपर्यंत, महिनाभर, रोज संध्याकाळी ओट्यावर टाळ्या आणि गाणी. शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. डबा कानाशी लावायचा, हलवायचा, ऐकायचं. फुटाणे, मुरमुरे, बत्तासे, प्रत्येकाचा आवाज वेगळा. मी लग्न होऊन आले तेव्हा मला एकही खिरापत ओळखता यायची नाही आणि आई म्हणायच्या, “हिचे कान अजून माहेरीच आहेत.”

मग गल्लीतला रस्ता उंच झाला, नाली रुंद झाली आणि सगळ्यांचेच ओटे गेले. आमचाही गेला. कुणाचं काही चुकलं नाही. पाणी घरात शिरायचं ते थांबलं, सगळ्यांना बरंच वाटलं. पण दार उघडलं की थेट रस्ता. आईंसाठी मी फाटकाशी प्लास्टिकची खुर्ची ठेवली. त्या एक दिवस बसल्या. दुसऱ्या दिवशी खुर्ची आत आणून तिच्यावर त्यांनी गहू वाळत घातले.

त्या वर्षी भुलाबाई फ्रिजवर बसली.

मी स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिजवर ती दोघं, नवरा-बायको, भिंतीकडे पाठ करून बसलेली बघून मला चर्र झालं. खाली फ्रिज घुरघुरत होता. आई समोर उभ्या राहून एकट्याच टाळ्या वाजवत होत्या, अगदी हलक्या, कुणाला ऐकू जाऊ नयेत अशा. खिरापतीचा डबा बाजूला झाकून ठेवला होता. आत काय आहे हे त्यांना माहीत, कारण ठेवणाऱ्याही त्याच. त्यानंतरचं वर्षभर त्या घरात नुसत्या बारीक होत गेल्या. जेवण कमी, बोलणं त्याहून कमी. खोलीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून खोली. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. मला भीती वाटायला लागली होती, की ही बाई अशीच एक दिवस भिंतीत विरून जाईल.

पुढच्या पावसाळ्यानंतर एक चांगलं झालं. त्या दर गुरुवारी दुपारी प्रवचनाला जायला लागल्या. मग गुरुवारी आणि सोमवारी. मग जवळजवळ रोजच. पातळ नीट नेसायचं, पिशवी घ्यायची, निघायचं. परत यायच्या तेव्हा गाल लाल. भूक वाढली. “काय सांगितलं आज महाराजांनी?” मी विचारायची. “तेच ते,” आई म्हणायच्या. मी मनातल्या मनात त्या महाराजांना नमस्कार करायची.

तर त्याच्या पुढच्या आश्विनात, कोजागिरीच्या दिवशी संध्याकाळ होता होता, मी दुकानात बसले असताना गोरखपूरच्या सलूजा भाभींचा फोन आला. त्यांच्या गच्चीवर आम्ही मागच्या वर्षी डेक बांधला होता.

“मधुरीजी, आज तो आप भी आइए. आज आखिरी दिन है ना.”

“कसलं... मतलब, किसका आखिरी दिन?”

“भुलाबाई का, जी.”

पंजाबी बाई, बटाट्याच्या पराठ्यांशिवाय दुसरं बोलणं नाही, आणि तोंडात भुलाबाई. नागपूर सोडून उत्तरेला निघालं की भुलाबाई कुणाला माहीत असते? मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं.

“अरे, आपकी कंपनी की माताजी ने! वो चेकिंगवाली. छोटी सी हैं, नाक पर मस्सा है. बहुत डाँटती हैं, पर अच्छी हैं. सच बोलूँ? ऐसी सर्विस पूरे जबलपुर में कोई नहीं देता.”

नाकावर मस. मी फोन ठेवला, हेल्मेट घातलं आणि निघाले. घमापूर ते गोरखपूर मी कशी गेले ते मला आठवत नाही. सप्तपर्णीचा वास तेवढा आठवतो, सारखा पाठीमागे लागलेला.

सलूजांच्या जिन्यातच टाळ्या ऐकू आल्या. वर गेले तर आम्ही बांधलेल्या डेकवर, मधोमध, ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलाबाई आणि भुलोजी. घरची माती, घरचाच घाट. बघताक्षणी ओळखू येणारा. भोवती बायका बसलेल्या. एक सिंधी, दोन आमच्याच जुन्या गिऱ्हाईक, एक डॉक्टरीण, सलूजा भाभींची स्वयंपाकीण, आणि हिंदी वळणाच्या मराठीत सगळ्या मोठ्यानं गात होत्या. मधे आमच्या आई. केस सुटलेले, मांडी घातलेली, एका हातात डबा.

“ऐको पहले, ऐको! हिलवून तर पहा!” त्या डॉक्टरीणबाईंवर ओरडत होत्या. “असं नाही व, कान लाव. मीठा है कि नमकीन?”

“माताजी, मखाने?”

“मखाने असे वाजतात का? फेल!”

मी जागच्या जागी उभी. डोक्यात हेल्मेट तसंच. जी बाई माझ्या घरात फ्रिजसमोर कुजबुजत टाळ्या वाजवत होती ती इथे लोकांच्या गच्चीवर डॉक्टरणीला नापास करत होती. आईंनी मला पाहिलं. एक क्षण चेहरा उतरला. मग सावरल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, “ये मेरी बहू है. कंपनी की मालकीण.” आणि मला, “ये, बस.”

मी बसले नाही. मला बसताच आलं नसतं. मी सलूजा भाभींच्या मागे स्वयंपाकघरात गेले. त्या दूध आटवता आटवता सांगत होत्या आणि मला एकावर एक हादरे बसत होते. डेक झाल्यावर काही दिवसांनी या माताजी आल्या. हल्के मिस्त्रींच्या लोडिंग ऑटोतून, पुढे त्यांच्या शेजारी बसून. म्हणाल्या, कंपनीकडून आले, तपासायला.

“लकड़ी तो देखी ही नहीं उन्होंने,” भाभी म्हणाल्या. “मुझसे पूछा, तुम बैठती हो यहाँ? मैंने कहा, टाइम कहाँ है, मेहमान आते हैं तो चाय दे जाती हूँ. बोलीं, फेल. अगले गुरुवार फिर आऊँगी देखने.”

पुढच्या गुरुवारी त्या आल्या. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. सलूजा भाभी नुसत्या तपासणीच्या भीतीनं दुपारी डेकवर येऊन बसायला लागल्या. मग शेजारीण यायला लागली, मग शेजारणीची जाऊ. मग एक दिवस माताजींनी पिशवीतून खडू काढला आणि भाभी जिथे बसायच्या तिथे, त्या कोपऱ्यात, खूण केली. पास. आणि हे एका घरी नाही. सिव्हिल लाइन्स, गोरखपूर, जिथे जिथे आमचा डेक, तिथे तिथे.

घरी येताना स्कूटरवर आई मागे बसल्या होत्या, मांडीवर भुलाबाईचं ताट धरून.

अविनाशना कळलं तेव्हा ते थेट आईंसमोर येऊन उभे राहिले. “आई, तू लोकायच्या घरी जाऊन बसून राहिली? कंपनीचं नाव सांगून? लोक काय म्हणतील, यांच्या आईला घरात जागा नाही?”

“मग आहे का?” आई म्हणाल्या.

एवढंच. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. आम्ही शहरभर ओटे वाटत होतो आणि आमची आई ते मागायला दारोदार गेली होती. इतकं साधं होतं. इतकं दिसत असून मला दिसलं नव्हतं.

हल्के मिस्त्रींना बोलावलं. ते दारातच उभे राहिले. “माताजी ने मना किया था, भैया,” म्हणाले. “और मैं तो उधर जा ही रहा था.”

आईंचं जाणं बंद झालं. अविनाशनी शब्द टाकला, त्यांनी ऐकलं. दिवाळी उलटली आणि फोन सुरू झाले. नव्या कामांचे नाहीत. “माताजी नहीं आईं, तबीयत तो ठीक है?” “हमारे डेक में कुछ गड़बड़ है क्या, चेकिंग नहीं हुई?” सिव्हिल लाइन्समधले ते पहिले गृहस्थ, फोटोवाले, स्वतः दुकानात आले. म्हणाले, आमच्या घरात सून आणि सासू एकत्र बसत नव्हत्या, तुमच्या तपासणीवाल्या बाईंनी दोघींना एकदम नापास केलं, तेव्हापासून बसतात. त्यानंतर जितक्या जणांना मी तुमचं नाव सांगितलं, ते लाकडासाठी थोडंच. फटी, स्क्रू, तेल. कसला आमचा धंदा आणि कशावर चाललेला.

आईंचं फिरणं पुन्हा सुरू झालं ते अविनाशच्याच सांगण्यावरून. एका गुरुवारी जेवताना ते खाली मान घालून म्हणाले, “आई, मिस्त्री आज गोरखपूरला चालले. तुला काही काम आहे का तिकडे?” आई ताटावरून उठल्या आणि पातळ बदलायला गेल्या.

आणि आम्ही घराला डेक बांधला. पुढची दुकानाकडची खोली मागे घेतली, दाराशी जागा काढली, सागाच्या उत्तम फळ्या घातल्या. इतकं मन लावून आम्ही कुणाचंच काम केलं नसेल. हल्के मिस्त्री शेवटचा स्क्रू बसवून हात जोडून उभे राहिले. आई आल्या, इकडून तिकडे चालल्या, बसल्या, उठल्या. पिशवीकडे हात गेला नाही.

“पास करा ना,” मी म्हटलं.

“काहून?”

“काहून म्हणजे? तुमच्यासाठीच तर केला.”

“माझ्यासाठी केला तर मी सांगते, छान आहे,” आई म्हणाल्या. “पास कसा करू? तुझ्या सासऱ्यांनी ओटा बांधला ना, तर खडू घेऊन दोन दिवस फिरून राहिले. मला म्हणे, तू आधी बस. म्हटलं, भांडी पडलीत. म्हणे, मग ओटा फेल. घरची बाई बसली की पास.”

“मग तुम्ही बसल्याच की आता.”

“घरची बाई आता मी आहे का व?”

मी हसले. त्याच वेळी फोन वाजला आणि मी आत गेले.

त्याला किती आश्विन झाले, मी मोजत नाही. आईंचे गुडघे गेले, लोडिंग ऑटोत चढणं सुटलं. मग बायकाच यायला लागल्या. घमापूरच्या आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही, त्या चौकात उतरतात आणि नाल्या चुकवत चालत येतात. सलूजा भाभी येतात, डॉक्टरीणबाई येतात, गल्लीतली मिश्राइन तर असतेच. डेकचा रंग उडून आता तो करडा झालाय. महिनाभर भुलाबाई तिथे बसते, गाणी होतात, मी आतबाहेर करते. दूध, वाट्या, चटई, मधेच फोन. येता-जाता आईंची नजर मला दिसायची. दरवर्षी त्या डेकच्या कोपऱ्यांमध्ये खूण नसायची. मला ते लागायचं. शहरातल्या सगळ्या डेकांवर आहे आणि आमच्यावर नाही. पण बोलून दाखवायला सवड कुणाला होती?

यंदाची कोजागिरी परवाच झाली. सप्तपर्णी नेहमीसारखी मागे लागलेली. सगळ्यांची खिरापत ओळखून झाली होती, मी दुधाचा ट्रे घेऊन उभी होते. आईंनी पदराखालून एक छोटा डबा काढला.

“मधुरी, ही तुझ्यासाठी. ओळख.”

“आई, दूध निवून राहिलं...”

“उभ्यानं नाही ओळखता येत. ट्रे ठेव.”

सलूजा भाभींनी माझ्या हातातून ट्रे काढूनच घेतला. मी टेकले. फळी उबदार होती, दिवसभराच्या उन्हाची. मी इतके डेक बांधले, बसल्यावर फळी खालून अशी ऊब देते हे मला माहीत नव्हतं. मी एकदम कावरीबावरी झाले. डबा कानाशी धरला. आत एकच काहीतरी हलकं घरंगळत होतं.

“सुपारी,” मी म्हटलं.

“फेल,” सगळ्या बायका एकदम ओरडल्या.

“वेलदोडा? लवंग?”

“फेल! फेल!”

“हिचे कान अजून माहेरीच आहेत,” आई म्हणाल्या.

मी बराच वेळ हलवत बसले. कुणी घाई केली नाही. आत कुठेतरी फोन वाजून थांबला. मिश्राइनचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता. शेवटी मी हरले म्हणून सांगितलं आणि आईंनी झाकण काढलं.

आत खडू होता. झिजून नखाएवढा राहिलेला.

त्या गुडघ्यांवर हात रोवून वाकल्या. मी धरायला गेले तर हात झटकला. माझ्या मांडीच्या बाजूला, अगदी पातळाला लागून, त्यांनी फळीवर सावकाश खूण ओढली. मग कमरेवर हात ठेवून, गिऱ्हाइकांशी बोलायच्या त्या करड्या आवाजात मला म्हणाल्या,

“पास. अगले गुरुवार फिर आऊँगी देखने.”